देवव्रतचं स्वावलंबी पॅकेज

देवव्रत करंदीकरने लेबलं छापायचा जुना प्रिंटर चालू केला, तिथेच ही गोष्ट संपायला हवी होती. त्या प्रिंटरची साथ कंपनीने कधीच सोडली होती. पण देवव्रतने त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड इंटरनेटवरून उतरवला, दुरुस्त केला आणि आपल्या संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर घरच्या घरी कंपाइल करून चालता केला. 'मधुवंतीचा गोडा मसाला' असं पहिलं लेबल बाहेर आलं आणि बोरिवलीच्या त्या टू-बीएचकेत आनंदीआनंद झाला. शनिवारी गोरेगावच्या प्रदर्शनात त्याच्या बायकोचा, मधुवंतीचा, पहिलावहिला स्टॉल होता आणि लेबलाशिवाय एकही पाकीट आत घेणार नाही, असं आयोजकांनी बजावलं होतं.

"झालं ना? आता सगळी छापून टाक," मधुवंती म्हणाली.

"असं कसं? अजून नोंदणी नाही झालेली."

"कोणाची?"

"सॉफ्टवेअरची!"

पॅकेज मॅनेजर हा लिनक्सच्या सोसायटीचा सेक्रेटरी. कोण राहायला आलं, कोणाचं कोणावाचून अडतं, सगळं त्याला कळवावं लागतं. न कळवताही भाडेकरू सुखाने राहतात, पण देवव्रतसारख्या सज्जनाला ते खपत नाही. त्याने आपल्या सॉफ्टवेअरचं रीतसर पॅकेज बांधायला घेतलं. आवृत्तीचा आकडा लिहायची वेळ आली, तेव्हा 'एक' लिहिणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, असं त्याला वाटलं. करंदीकरांकडे स्वतःची टिमकी वाजवायची पद्धत नाही. त्याने नम्रपणे ०.१ लिहिलं आणि समाधानाने झोपायला गेला.

सकाळी संगणकाने आपणहून अपडेट घेतलं. याच नावाचं अधिकृत २.४ उपलब्ध असताना हा ०.१ कोण लागून गेला, असा विचार सेक्रेटरीने केला आणि देवव्रतचं सॉफ्टवेअर काढून अधिकृत बसवलं. ते अधिकृत या प्रिंटरला ओळखही दाखवेना.

"वाट लागली," देवव्रत म्हणाला. "मी आकडा फार लहान लिहिला गं."

"नेहमीचंच आहे तुझं! ऑफिसात पण असाच खाली मान घालून बसतोस, आणि प्रमोशन कोण घेऊन जातं? तो सर्वेश!"

हे वर्मी लागलं. देवव्रतने खोलीचं दार लावून नवं पॅकेज बांधलं आणि आवृत्ती लिहिली, १००८. आता कोण वर येतं तेच बघतो! प्रिंटर पुन्हा चालू झाला.

"आता तरी छाप रे बाबा!"

"दोनच मिनिटं. जुना पसारा आवरतो."

पॅकेजमध्ये आणखी एक रकाना असतो, 'हे कोणाकोणावर अवलंबून आहे?' मराठी मध्यमवर्गात वाढलेल्या माणसाने तिथे काय लिहायचं? देवव्रतने तो कोरा सोडला होता. त्यामुळे साफसफाईचा हुकूम मिळताच सेक्रेटरीने हिशोब केला, की छपाईची ही सगळी सामग्री कोणालाच नको आहे. 'काढू का?' असं विचारत त्याने लांबलचक यादी दाखवली. सोसायटीच्या सभेत ठरावाला हात वर करतात, तसा देवव्रतने ती न वाचता होकार दिला. छपाई गेली आणि तिच्यामागोमाग वाय-फायही गेलं.

लेबलाची फाईल मधुवंतीच्या मोबाईलवर होती. ती नवऱ्याला घेऊन खाली भीमराजच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे अगदी तसाच खटारा प्रिंटर सटासट लेबलं ओकत होता.

"हा तर बंदच पडला होता मॅडम," भीमराज म्हणाला. "पण दुपारी कोणीतरी नेटवर पॅकेज टाकलंय, एक हजार आठ नंबरचं. लावलं आणि झकास! छपाईचं बाकी सामान आपल्याकडे होतंच."

देवव्रतचा चेहरा उजळला. पसारा आवरण्यापूर्वी त्यानेच ते लोकांच्या उपयोगासाठी नेटवर टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो चारचौघांत छाती पुढे काढून म्हणाला, "ते माझं आहे. मी बनवलंय."

भीमराजने शांतपणे स्क्रीन त्याच्याकडे वळवली. बनवणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'एक सेवक'.

"मीच तो सेवक. नाव घालायचं बरं नाही वाटलं."

"असं का?" भीमराज म्हणाला. "मघाशी सी-विंगचे काका पण हेच सांगून गेले."

मधुवंतीने लेबलांचा गठ्ठा उचलला आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"दुसऱ्याचं श्रेय लाटतोस, लाज नाही वाटत? शीक जरा त्या माणसाकडून. एवढं मोठं काम केलं, पण नाव म्हणून लिहिलं नाही बिचाऱ्याने!"