माशाचं डोकं

लखनौजवळच्या चिनहटच्या कारखान्यात फाटकाजवळ एक फळा होता आणि त्यावर रोज सुविचार लिहिण्याचं काम कार्मिक विभागातल्या मधुसूदन परचुऱ्यांकडे होतं. वेळेचं महत्त्व आणि श्रमाची थोरवी लिहून लिहून ते कंटाळले होते. अशात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना ग्रीक म्हणींचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं आणि चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यापासून चिनहटचे कामगार ग्रीसचं शहाणपण वाचून कामाला लागू लागले. परचुरे रोज एक म्हण हिंदीत आणत आणि खाली ऐटीत 'यूनानी कहावत' असं लिहीत. घरी दूध उतू गेलं तरी अशा वेळी ग्रीक लोक काय म्हणतात, हे ते बायकोला सांगत.

"त्यांना म्हणावं, ओटा पुसायला या," अनघा म्हणायची.

अनघाला शहाणपण नको होतं, नाशिक हवं होतं. तिची आई तिथे एकटी होती. अकरा वर्षं लखनौत काढल्यावर परचुऱ्यांनी बदलीचा अर्ज केला होता आणि तो महाव्यवस्थापक निगमसाहेबांच्या टेबलावर महिनाभर पडून होता.

एका सोमवारी पुस्तकातली माशाची म्हण आली. मासा नासायला लागतो तो डोक्याकडून, एवढंच तिच्यात सांगितलं होतं. परचुऱ्यांनी ती लिहिली, हातावरचा खडू झटकला आणि ते आत गेले. दहा मिनिटांनी शिपायाने फळ्याशेजारी पाळीच्या वेळा बदलल्याचा हुकूम चिकटवला. खाली निगमसाहेबांची सही होती. कामगारांनी आधी हुकूम वाचला, मग मासा वाचला, आणि फाटकावर हशा पिकला. युनियनचे सेक्रेटरी रामसजीवन यादव झेंडूचा हार घेऊन आले. बाबू लोकांत एवढ्या छातीचा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ही म्हण आपली नाही, यूनानची आहे, असं परचुऱ्यांनी सांगून पाहिलं. रामसजीवननी डोळा मिचकावला.

तासाभरात साहेबांचं बोलावणं आलं. परचुरे डगमगले नाहीत. पुरावा म्हणून पुस्तक काखेत मारून ते केबिनमध्ये शिरले. साहेबांनी दार लावून घेतलं.

"यह मछली वाली बात आपने लिखी है?"

"जी सर. किताब में है, पन्ना इकतालीस."

साहेबांनी पुस्तक ओढून घेऊन ते पान वाचलं. "बीस साल से मैं भी यही कहना चाह रहा था, परचुरेजी. सड़न दिल्ली से ही शुरू होती है."

पाळ्यांचा हुकूम दिल्लीच्या मुख्यालयातून आला होता, साहेबांनी नुसती सही केली होती. माशाचं डोकं म्हणजे आपण, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नव्हती, आणि परचुऱ्यांनी ती शिवू दिली नाही. आपल्यासाठी काय करू, असं साहेबांनी प्रेमाने विचारलं. परचुऱ्यांनी टेबलावरच्या अर्जाकडे बोट दाखवलं. सही झाली.

बुधवारी बदलीचा आदेश सूचना फलकावर लागला. सोमवारी मासा आणि बुधवारी बदली. रामसजीवनना आणखी काही कळायची गरज नव्हती. दुपारच्या पाळीने काम बंद पाडलं. परचुरे धावत फाटकावर गेले आणि स्टुलावर उभं राहून त्यांनी ठणकावून सांगितलं, की ही शिक्षा नाही, बदली आपणच मागितली आहे. त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढा अन्याय सोसूनही हा माणूस साहेबाला सांभाळून घेतो, हे पाहून एका वयस्क फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं. परचुरे जसजसे खरं बोलत गेले, तसतसे ते थोर होत गेले. दिल्लीला बातमी पोचायच्या आत निगमसाहेबांनी बदली रद्द केली.

संध्याकाळी ढोल वाजवत मिरवणूक निशातगंजमधल्या परचुऱ्यांच्या गल्लीत शिरली. गळ्यापर्यंत हारांत बुडालेला नवरा अनघाने गॅलरीतून पाहिला. निरोप द्यायला एवढी माणसं आली, या विचाराने तिला भरून आलं आणि ती ओवाळायचं ताट घेऊन खाली उतरली.

रामसजीवननी हात जोडले. "भाभीजी, अब आप बेफिक्र रहिए. परचुरेजी को लखनऊ से कोई माई का लाल नहीं हिला सकता."

अनघाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हारांकडे पाहिलं. मग तिने निरांजन सांभाळत ताट वर उचललं आणि ओवाळता ओवाळता हळूच विचारलं, "चहा किती जणांचा टाकू?"

"दीडशे," परचुरे म्हणाले.