आंबागडची एकटी बाई

"सर, एकटेपणा ना? असा एकटेपणा भरून आणतो, की तिकडची पोरं रुमाल शोधतील!"

घनश्यामनं भंडाऱ्याच्या कॉलेजात छाती ठोकून सांगितलं. सन त्र्याऐंशीची गोष्ट. डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी आणि आपले बी.ए.चे पठ्ठे टपालानं कॅसेटी पाठवून दोन्ही देशांतले सामाजिक प्रश्न ताडून पाहणार होते. घनश्यामच्या जोडीला तिकडची इंगा, आणि विषय म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा. इंगाची कॅसेट आधीच येऊन धडकली होती. तिच्यात एक आजीबाई दोन शब्द बोलायची, थांबायची, आणि मधल्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. काय तो एकटेपणा! घनश्यामला हेवाच वाटला.

पण त्याच्याही गावात, आंबागडात, हुकमी एक्का होता: शेजारची कुंताबाई. नवरा वारलेला. मुलगा ताराचंद साकोलीला दुकान टाकून बसलेला, दिवाळीशिवाय फिरकत नाही. कॉलेजनं कॅसेट एकच दिलेली आणि सरांचं पार्सल सोमवारी निघणार. शनिवारी संध्याकाळी घनश्याम कॉलेजचा टेप काखेत मारून तिच्या ओट्यावर हजर झाला.

"आजी, उद्या दुपारी तुमचा आवाज भरून ठेवाचा हाये."

"कायले गा?"

"कायमचा राहते ना! तुमच्यामागंही लोक ऐकतीन!"

कुंपणापलीकडे शकुनबाई तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातलं सूपच गळालं. डॉक्टरनं काही सांगितल्याशिवाय कोणी बुढीचा आवाज भरून ठेवतं का? सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ सांगावा गेला: ताराचंदले म्हणा, मायले पाहाचं असन तर आजच ये!

रविवारी दुपारी घनश्यामनं कोंबड्या हाकलल्या, दार लोटलं, बटन दाबलं.

"आजी, एकटं वाटते का?"

खाटेवर बसलेली कुंताबाई थांबली. तिनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात आढ्यावर पाल चुकचुकली! घनश्यामच्या अंगावर काटा आला. डेन्मार्कच्या घड्याळाला ही पाल भारी होती.

"सांज झाली का नाई..." कुंताबाई हळूच म्हणाली, आणि...

"माय वोऽऽऽ!"

दार धाडकन उघडलं. ताराचंद, त्याची बायको, लेकरं आणि मागून अर्धं आंबागड!

"अरे, टेप चालू हाये!" घनश्याम ओरडला.

"टेप मरू दे! बुढीचा श्वास चालू हाये का पाय!" शकुनबाई गरजली. "भुईवर घ्या वो तिले! खाटेवर जीव जाऊ देऊ नोका!"

चौघींनी कुंताबाईला अलगद उचललं.

"कोणाचा जीव जाऊन राहिला?" तिनं विचारलं.

"बडबडून राहिली! गंगाजळ आणा!"

गंगाजळ तोंडात गेलं, कुंताबाईला ठसका लागला, आणि ठसका ऐकून रडण्याला जोर चढला. शेवटी तिनं उठून शकुनबाईच्या पाठीत असा धपाटा घातला, की बाई कळवळली. तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली.

ताराचंदनं घनश्यामला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. पण आलाच आहे तर राहिला बापडा दोन दिवस. छपरावरची फुटकी कवेलू बदलली. कुंताबाईनं नातवांना वडे तळून घातले. जाताना तो पोळ्याला येतो म्हणाला.

घनश्यामजवळ दुसरी कॅसेट कुठली? तीच गेली. पुढं इंगाचं उत्तर आलं. कॅसेट तिच्या अख्ख्या वर्गानं ऐकली, फार आवडली. एकच कळलं नाही: ह्यात एकटी बाई कोणती? सर वर्गात सगळ्यांसमोर खो खो हसले. घनश्यामनं कानाला खडा लावला, आता पुन्हा टेपला हात लावायचा नाही!

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कुंताबाईनं कुंपणावरून हाक मारली.

"घनश्याम, तो टेप हाये का रे अजून कॉलेजात?"

"हाये ना आजी. पण भराले कॅसेट नाई."

"कॅसेट कायले पायजे? नुसता आणून ओट्यावर ठेव. शकुनबाईले दिसला म्हणजे झालं," कुंताबाई म्हणाली. "ताराचंद पोळ्याले आला नाई ना गा."