आठ पिल्लं, चौदा खेपा

कोंबडीची पिल्लं आता बाहेरच्या खुराड्यात न्यायची, असं पहारेकरीबुवांनी ठरवलं. (म्हणजे ठरवलं बायकोने; बुवांनी मान हलवली.) पाच आठवडे मागच्या खोलीत, बल्बखाली, खोक्यात ती वाढली. आता पंख फुटल्यामुळे उडी मारून गादीवर झोपायची. आणि त्याच गादीवर आज मेहुणी झोपणार होती.

"ती यायच्या आत ही बाहेर गेली पाहिजेत," बायको म्हणाली. "नाही तर तुमचं अंथरूण बाहेर."

बुवांचा सारा जन्म गोदामाच्या फाटकावर पहारा देण्यात गेलेला. खुराड्याला त्यांनी कडी अशी केली होती, की दार ओढलं की आपोआप बाहेरून पडावी. मांजराच्या बापालाही उघडता येऊ नये. हे त्यांनी शेजाऱ्याला दोनदा बोलावून दाखवलं होतं.

मग त्यांनी काम सुरू केलं, आपल्या चालीने. एक पिल्लू दोन्ही हातांत धरायचं, पोटाशी घ्यायचं, अंगण ओलांडायचं, खुराड्यात ठेवायचं. हात भरलेले, म्हणून दार उघडंच. कडी काय, शेवटी एकदाच लावू. परत येऊन टेकायचं, दम खायचा, पुढचं पिल्लू उचलायचं. खोकं काही रिकामं होईना. बुवांना वाटलं, आपण म्हातारे झालो, म्हणून काम लांबतंय.

बायको दारात गहू निवडत बसली होती. मनात खेपा मोजत होती. मग म्हणाली, "अहो, पिल्लं किती आपली?"

"आठ."

"ही तुमची चौदावी खेप."

बुवांनी मागे वळून पाहिलं. मघाशी सोडलेलं पिल्लू त्यांच्या पायांमधून, उंबरा ओलांडून, बल्बखाली जाऊन बसलं. ज्यांच्या फाटकातून कधी खिळा बाहेर गेला नाही, त्यांच्या नाकासमोर ही वाहतूक दुपारपासून चालू होती.

आता मात्र बुवा चिडले. (चिडले म्हणजे टोपी काढून परत घातली.) पाच आठवडे आपल्या हातून दाणे खाल्लेली पोरं, आपल्यामागे येतीलच. त्यांनी मूठभर दाणे घेतले, वाकून खुराड्यात शिरले, मांडी घातली आणि "या रे, या" करत राहिले. आणि खरंच, आठही आली, ओळीने. एक मांडीवर चढलं, एक टोपीवर. आता एकही निसटू नये म्हणून बुवांनी हात लांबवून दार ओढून घेतलं.

कडी पडली. फार छान पडली.

जाळीतून बोट जाईना. हाक मारायला त्यांना लाज वाटत होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि पिशवी घेऊन मेहुणी आली. ती खुराड्यापाशी थबकली आणि म्हणाली, "भावोजी, बरे आहात ना?"

"बरा आहे," बुवा टोपीवरचं पिल्लू सांभाळत म्हणाले. "तुमची खोली रिकामी केलीये."

बायको आली. तिने पिल्लं मोजली, मग नवऱ्याकडे पाहिलं. कडीला हात लावला नाही.

"चल ग, आधी चहा घेऊ," ती बहिणीला म्हणाली. आणि जाता जाता वळून, "अहो, तोवर दाणे आहेत ना आत?"