दारापासून तिसरी

"गाडी न्या, पण एक ध्यानात ठेवा," सिस्टरांच्या हातात किल्ली देताना मोठ्या सिस्टरांनी बजावलं. "एक जरी तक्रार आली, तरी उद्यापासून तुम्ही परत इंजेक्शनच्या खोलीत. काळी मोटारसायकल आहे, दारापासून तिसरी."

त्या बिनखिडकीच्या खोलीत सिस्टरांनी अकरा वर्षं काढली होती. घरोघरी जाऊन मलमपट्टी करायची फेरी मिळावी म्हणून त्यांनी चार अर्ज केले आणि चाळिशी उलटल्यावर त्या मोटारसायकल शिकल्या. शिकवलं धाकट्या भावानं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, गाडी पडणारच. पण उचलायची तूच. दुसऱ्यानं उचलून दिली की तो गावभर सांगतो, बाईमाणसाला झेपत नाही म्हणून." सिस्टरांनी त्याची मनाशी खूणगाठच बांधली होती.

बाहेर येऊन त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन. तिसरी काळीच होती. हेल्मेट चढवलं, स्टँड वर केलं आणि गाडी रांगेतून मागे ओढायला घेतली. दोन पावलं झकास गेली. तिसऱ्या पावलाला बुटाखाली खडा आला, गाडी पलीकडे कलली आणि परवानगी मागितल्यासारखी अगदी सावकाश उजव्या कुशीवर आडवी झाली.

काखेत जाड पुठ्ठ्याची फाइल धरलेले एक गृहस्थ दवाखान्याच्या पायरीवरून धावत आले.

"अहो सिस्टर, थांबा, मी..."

"हात लावायचा नाही!"

"पण ही गाडी..."

"ज्यानं पाडली त्यानंच उचलायची. तुम्ही बाजूला व्हा."

बघता बघता आठ-दहा जण जमले. फुकटचा सल्ला द्यायला कुणाला पैसे पडत नाहीत. "हँडल वळवा," औषधांच्या दुकानदारानं सुचवलं. "आधी गिअरमध्ये टाका," हाताला प्लास्टर असलेला एक जण म्हणाला. त्याचा हात कशानं मोडला, हे त्याला कुणी विचारलं नाही.

सिस्टरांनी भावाचा धडा आठवला. गाडीकडे पाठ केली, खाली बसल्या, हँडल आणि सीटखालची दांडी पकडली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत रेटत गाडी उभी केली. "वा!" लोक म्हणाले. उचलण्यात काही म्हणजे काही चूक नव्हती. फक्त पलीकडचं स्टँड त्यांनीच मघाशी वर केलं होतं. उभी राहिलेली गाडी तशीच पलीकडे झुकली आणि धाडकन डाव्या अंगावर पडली.

"आई गं!" फाइलवाले कळवळले.

"तुम्हाला कुठं लागलं?" दुकानदारानं विचारलं.

"काळजाला."

"गाडी माझी पडली आणि विव्हळताय तुम्ही?" सिस्टर कडाडल्या. त्या पुन्हा वाकल्या. या खेपेला गाडी वर येताच ती कमरेनं अडवली, पायानं स्टँड पाडलं आणि मगच श्वास सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांना आतून इतकं बरं वाटलं, की किल्ली लागत नाही हे त्यांच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

फाइलवाल्यांनी खिशातून आपली किल्ली काढली. "आता हात लावू का? गाडी माझी आहे."

गलका ऐकून मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. "अहो, तुमची ती पलीकडची!"

"तिसरी म्हणालात ना?"

"मधली स्कूटर आहे. स्कूटर मी कधी गाड्यांत धरतच नाही."

सिस्टरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी ताठ मानेनं त्या गृहस्थांकडे वळल्या. "माफ करा. पण आधी बोलायचं नाही का?"

"तुम्ही बोलू दिलंत तर!"

"आणि तुमचं इथं काय काम होतं?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

गृहस्थांनी फाइल काखेत आणखी दाबली. "वडिलांच्या पायाची पट्टी बदलायला काल कुणी फिरकलं नाही. तक्रार लिहून आणलीय. आता तीत गाडीचीही भर."

सिस्टरांच्या डोळ्यांपुढे ती बिनखिडकीची खोली उभी राहिली. त्यांनी पत्ता विचारला. त्यांच्या फेरीच्या यादीतलं पहिलंच घर निघालं. "तक्रार अर्ध्या तासानं द्या," त्या म्हणाल्या. "आधी पट्टी. तुम्ही पुढं व्हा, मी आलेच."

आलेच म्हणायला सोपं होतं. सिस्टर रिकाम्या चौकातसुद्धा थांबून दोन्हीकडे बघत होत्या. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि वळून काळजीनं बघू लागला. गृहस्थ प्रत्येक वळणावर ताटकळत उभे राहिले. पण गाडी पडली नाही.

घरापुढच्या अंगणात माती भुसभुशीत होती. सिस्टर उतरल्या आणि स्टँड जमिनीत रुतायला लागलं. गाडी झुकली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"एवढा उशीर?" ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

"यांनी माझी गाडी दोनदा उचलली, बाबा," मुलगा म्हणाला.

"आणि पाडली किती वेळा?"

"तेवढ्याच वेळा," सिस्टर धापा टाकत म्हणाल्या.

म्हातारे खो खो हसले. गृहस्थ पुढे सरसावले आणि सवयीनं थबकले. "हात लावू?"

"नको. स्टँडखाली घालायला काहीतरी जाड द्या, लवकर!"

गृहस्थांनी अंगणभर बघितलं. वीट नाही, फळी नाही. मग त्यांनी काखेतली फाइल काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खाली बसून ती स्टँडखाली नीट सरकवली.

सिस्टरांनी एकेक करून दोन्ही हात सोडले. गाडी हलली नाही.