गुरुनाथकाका गोळी निवडतात

“एकच गोळी! दुसरी लागली तर मी इंजिनिअर नाही!” अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला गुरुनाथकाकांनी हातातलं मक्याचं कणीस उंचावून जाहीर केलं. जून महिना होता. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की काका कुणाला ऐकत नाहीत.

प्रकरण होतं मेथीचं. तासाभरावरच्या डेल नावाच्या शेतकऱ्याने मंजुषाकाकूंना आपल्या शेतातला एक तुकडा दिला होता. काकू तिथे मेथी लावायच्या आणि एक ग्राउंडहॉग ती फस्त करायचा. ग्राउंडहॉग म्हणजे आपल्या घुशीचा अमेरिकेत येऊन गलेलठ्ठ झालेला चुलतभाऊ! त्याच्या बिळांत डेलच्या गाईंचे पाय अडकायचे. डेल म्हणाला, “गुरू, रायफल माझी, गोळ्या तुझ्या. उडव त्याला!”

काकूंनी तर निर्वाणीचं सांगितलं. “अहो, यंदा एक तरी जुडी घरात आली पाहिजे. नाहीतर शेती सोडली मी! चाळीस वर्षं झाली या देशात. माझं म्हणावं असं तेवढंच आहे हो.” हे ऐकून काका पार हेलावले.

हेलावलेला इंजिनिअर फार वाईट! काकांनी बंदूक वापरायचं सरकारी कार्ड काढलं, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नेम धरायला शिकून घेतलं, आणि मग गोळीचा अभ्यास सुरू झाला. चाळीस ग्रेनची हलकी घ्यावी? सुसाट जाते, पण वाऱ्याने भरकटते. पंचावन्नची जड? ती वाऱ्याला भीक घालत नाही, पण जरा सावकाश. टोक पोकळ असावं की प्लॅस्टिकचं? जेवताना गोळ्या, झोपताना गोळ्या!

“ग्रेन म्हणजे किती हो?” काकूंनी विचारलं.

“पंचावन्न ग्रेन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम.”

“इश्श! माझ्या कुड्या जड आहेत त्याहून. आणि एवढ्यासाठी अख्खा जुलै घालवलात?”

ऑगस्टात टोक ठरलं, प्लॅस्टिकचं. वजन काही ठरेना. शेवटी काकांनी चाळीस, पन्नास, पंचावन्न, तिन्हींचे डबे आणले. आता निघणार, तोच काकू आडव्या आल्या. “नवीन शस्त्र! दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही!” तोवर दुसरी पेरणीही ग्राउंडहॉगच्या पोटात गेली. काकूंनी दात-ओठ खात तिसरी केली.

दसऱ्याला काका अंघोळ करून बाहेर येतात तो काय! काकूंनी साठच्या साठ काडतुसं डब्यांतून काढून पाटावर त्यांची सरस्वती मांडली होती. पाटीवर एकाचे आकडे काढून मांडतात ना, अगदी तश्शी! वर हळद, कुंकू, अक्षता, झेंडू.

“अगं, डबे कुठायत?”

“रिसायकलिंगवाला घेऊन गेला. पूजा खोक्याची करायची की शस्त्राची?”

तिन्ही एका कंपनीची, एका उंचीची, एकाच नारिंगी टोकाची! आता कुठलं किती ग्रेनचं, ओळखायचं कसं? काका एकेक काडतूस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला लागले. “कवच-दारूसकट अकरा ग्रॅम... अकरा... बारा! सापडलं! नाही, हिला अक्षता चिकटल्यात!”

लेक नैना सुटीला आली होती. ती म्हणाली, “बाबा, जस्ट पिक वन, यार!”

“जस्ट पिक वन? मग चार महिने मी काय झक मारली?”

नैनाने थोरामोठ्यांचा मान राखून काट्यावरच्या अक्षता झटकायला घेतल्या.

शनिवारी काका सगळी काडतुसं पुसून शेतावर घेऊन गेले. डेलने एक उचललं, उलटंपालटं केलं. “साठ यार्डांवर? कुठलंही चालेल, गुरू!” चार महिन्यांच्या अभ्यासाचा निकाल दोन सेकंदांत लागला.

काका गवतात आडवे झाले. थोड्या वेळाने ग्राउंडहॉग बिळातून वर आला. मेथीत शिरला, एक कोवळी काडी खुडली, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे पंजे छातीशी जोडून, काकांकडे बघत, पंगतीतल्या सज्जन पाहुण्यासारखा चघळायला लागला.

“शूट!” डेल कुजबुजला.

काकांचं बोट हलेना.

“शूट, गुरू!”

“वारा फार आहे,” काका म्हणाले. एक पान हलत नव्हतं!

घरी आल्या आल्या काकूंनी विचारलं, “मारलात?”

“अगं, तो... आवडीने खात होता गं. तुझी मेथी. देठासकट.”

“देठासकट? कडू नाही लागली त्याला?”

“छे!”

“आपली नैना एक पान खात नाही,” काकू हळूच म्हणाल्या.

काकांना एकदम हुरूप आला. “गोळीबिळी काही नको! जाळी लावतो. दोन फूट जमिनीत, तीन फूट वर. पुढच्या शनिवारी पक्की!” काकूंचा चेहरा खुलला. “फक्त तार किती जाडीची, कितव्या गेजची घ्यावी, एवढंच बघतो. सोळा की एकोणीस? आणि जस्ताचा लेप किती जाड हवा...” काकांनी चष्मा चढवला आणि लॅपटॉप उघडला.

काकूंनी गाडीची किल्ली उचलली, कात्री घेतली, आणि अंधार पडायच्या आत उरलीसुरली सगळी मेथी कापून आणली. बरोब्बर एक जुडी भरली!