रावनकिल्डेंच्या टेबलाचा खण

डेन्मार्कमधल्या आमच्या स्वेनबोर्गमध्ये अस्सल रावनकिल्डे टेबल फक्त माझ्याकडे आहे, हे मी गावात एकेकाला गाठून सांगितलं होतं. एस्किल रावनकिल्डे म्हणजे आमच्याकडचे फर्निचरमधले देव! त्यांच्या लिहायच्या टेबलाला ना खिळा, ना स्क्रू, ना खणांना मुठी. बोटाने हलकेच दाबलं की खण आपणहून बाहेर येतो. त्यावर लिहिता मात्र येत नाही, कारण मी कोणाला लिहू देत नाही.

लेकीच्या, म्हणजे अल्माच्या लग्नाच्या अंगठ्या मी मोठ्या दिमाखात त्याच खणात ठेवल्या. लग्नानंतर पाहुणे टेबल बघायला येणार, म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी उठून ते साबणाच्या पाण्याने धुतलं. आमच्याकडे ओकचं लाकूड साबणानेच राखतात. मी जरा जास्तच राखलं. लाकूड फुगलं आणि खण बसला रुतून.

दाबून पाहिलं, थोपटून पाहिलं, शेवटी बुक्की मारली. ढिम्म!

"प्रेबेन, बाजूला हो," बायको म्हणाली. गुनवोरच्या हातात पावाची सुरी होती.

"अगं, रावनकिल्डे आहे ते!"

"असू दे. तिकडे चर्चची घंटा सुरू झाली."

मी धावत सुटलो. खुद्द रावनकिल्डे पलीकडच्याच गल्लीत राहतात. नव्वदी उलटलीय, पण ताठा अजून नवाकोरा. ते आले, टेबलावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या हातचं आहे हे. ही कड बघा. असं टेबल मला पुन्हा जमलं नाही."

"काका, खण उघडत नाहीये," अल्मा म्हणाली. नवरीचा पोशाख अंगावर, बूट एकाच पायात.

"उघडत नाही असं म्हणू नये, पोरी. त्याला आत्ता उघडायचं नाहीये. लाकूड जिवंत असतं."

"मग कधी उघडायचंय, तेवढं विचारता का त्याला?" गुनवोरने सुरी पुढे केली.

"बाई, सुरी लावायचीच असेल तर आधी माझ्या गळ्याला लावा."

गुनवोरने त्यांच्या गळ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

शेवटी अल्मानेच तोडगा काढला. खण येत नाही ना, मग टेबलच न्या! सामानाच्या तीनचाकी सायकलवर टेबल चढवलं. पायडल मारायला मी, टेबल सावरायला रावनकिल्डे, आणि नवरी मागून चालत.

चर्चमध्ये टेबल वेदीपुढे ठेवलं. पाद्रीबाई तोंड उघडणार, तोच पाहुण्यांची झुंबड उडाली. नवरीकडे कोणी ढुंकून बघेना. आम्ही डॅनिश माणसं कुणाकडे जेवायला गेलो, तरी आधी बशी उलटी करून खालचा शिक्का बघतो. इथे तर साक्षात रावनकिल्डेंचा शिक्का!

"जरा बघू तरी," म्हणत व्याह्यांनी एक बाजू धरली, त्यांच्या भावाने दुसरी. मी "अहो, हळू" म्हणेपर्यंत टेबल उताणं! त्या दणक्याने खण बाहेर आला आणि अंगठ्या फरशीवर घरंगळत निघाल्या. अल्माने त्या बुटाखाली दाबल्या.

"मिळाल्या. आता लग्न लावा," ती म्हणाली.

पण कोणाचं लक्षच नव्हतं. टेबलाच्या पोटाला शिक्का नव्हता. छापील कागद चिकटवलेला होता. व्याह्यांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, "स्वीडनमध्ये तयार. पाणी लावू नये."

दुसरा कुठलाही देश चालला असता हो, पण आमचं पिढ्यान्पिढ्यांचं वैर असलेलं स्वीडन! सगळ्यांच्या नजरा आधी माझ्याकडे, मग रावनकिल्डेंकडे वळल्या. म्हातारबुवा टेबलाकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोट झटकला.

"तरीच," ते म्हणाले, "मघापासून मी हेच सांगतोय. माझा खण कधी अडकत नाही."