डाव्या इअरबडचा अबोला

अविनाश टिपरे यांच्या डाव्या इअरबडने मंगळवारी संध्याकाळी अबोला धरला. उजवा नेहमीसारखा बोलत होता. टिपऱ्यांनी रीतसर दोघांना डबीत निजवून पाहिलं, जाळी कोरड्या कापसाने पुसली, फोनशी जोडणी तोडून पुन्हा केली. डावा ढिम्म.

टिपऱ्यांची बायको रोहिणी, बँकेतल्या बदलीमुळे गोंदियाला एकटी राहत होती. रात्री तिचा फोन येई, तो आता अर्धाच ऐकू येऊ लागला. "जेवलात का?" एवढं उजवीकडून यायचं. पुढचं वाक्य डावीकडे जायचं आणि तिथेच राहायचं. कऱ्हाडात एकट्या पडलेल्या माणसाला बायकोचं अर्धं बोलणं कसं पुरणार? टिपरे अंदाजाने "हो, हो" म्हणत आणि मग अंथरुणावर तळमळत.

शेवटी ते सर्व्हिस सेंटरला गेले. खिडकीवरच्या मुजावरबाईंनी डावा कानाशी धरला.

"बिघाड काही नाही. अबोला आहे. वॉरंटीत बसत नाही."

"मग काय करायचं?"

"घरात करता तेच. तिसऱ्याकरवी विचारायचं. उजवा घाला कानात."

टिपऱ्यांना ही रीत नवी नव्हती. त्यांचे आईवडील भांडण झालं की मांजरामार्फत बोलत. "मने, सांग त्यांना, चहा निवतोय," असा संसार त्यांनी लहानपणापासून पाहिलेला.

"त्याला म्हणावं, माझं काय चुकलं?" टिपरे उजव्याला म्हणाले.

थोड्या वेळाने उजवा म्हणाला, "तो म्हणतो, सोमवारी वहिनी रडत होत्या. तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणालात."

टिपऱ्यांचा चेहरा उतरला. "ऐकलं होतं मी. काय बोलावं सुचेना."

मुजावरबाई उगीच ड्रॉवर आवरू लागल्या.

"तो म्हणतो, हे मला कशाला? जिला सांगायचं तिला सांगा."

टिपरे बाकावर बसले. दोन्ही इअरबड कानात घालून त्यांनी फोन लावला. गोंदियाला जेवणाची सुट्टी होती.

"रोहिणी, सोमवारी तू रडत होतीस. मला कळलं होतं गं. घाबरून फोन ठेवला मी. चुकलंच माझं."

मग डाव्या कानात, अगदी स्वच्छ, तिचा आवाज आला.

"मला इथे मुळीच करमत नाही हो."

टिपऱ्यांचे डोळे भरून आले. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"उद्याच्या गाडीने निघतो," ते म्हणाले.

रोहिणी हसली की रडली ते सांगणं कठीण, पण जे काय केलं ते दोन्ही कानांत ऐकू आलं. फोन ठेवल्यावर टिपरे निघायला उठले, तेव्हा डावा, मध्ये कुणाला न घालता, त्यांच्याशी बोलला.

"स्वेटर घ्या. तिकडे थंडी असते."